फ्रीजमधला चीक

"घे गं हर्षदा, खरवस! आमच्या हिने काल घरी वाफवला," म्हणत सरांनी तिच्या हातात वाटी ठेवली. प्रयोगशाळेतले सगळे मिटक्या मारत होते.

हर्षदाने धावत जाऊन फ्रीज उघडला. तिची चिकाची बाटली जागेवर नव्हती.

"सर, तो माझा नमुना होता!"

"अगं, एवढा पिवळाधमक चीक बघून राहवेना. पुढच्या गाईचा आण की!" सर हसले, आणि त्यांच्यामागोमाग सगळे.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिकातल्या एन्झाइमची रचना शोधायला ती गाभण गाईच्या गोठ्यात ठाण मांडून बसली होती. दुसरी गाभण गाय जवळपास नव्हती, ही गाय आता वर्षाने विणार, आणि शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपणार. आचेने एन्झाइम मरतं, हे या माणसाने जन्मभर शिकवलं होतं!

तिने वाटी शांतपणे टेबलावर ठेवली. "बाटलीवर लिहायचं राहिलं, सर. जंतू होऊ नयेत म्हणून मी त्यात अझाइड घातलं होतं."

अझाइड किती जहाल विष, हे तिथे कुणाला सांगायला नको होतं. चमचे थांबले. सर तोंड धरून बेसिनकडे धावले.

बाटलीत चिकाशिवाय काहीच नव्हतं. पण ते सांगायची हर्षदाला घाई नव्हती.