सात वर्षांचा अबोला

"तुझ्या मायले सांग, भाकर वाढ म्हणा."

पंचफुला तीन हातांवर चुलीपुढेच होती. जानरावनं बायकोकडे पाहिलंही नाही. सात वर्षं त्याचा शब्द असाच कुणाच्या तरी मार्फत तिच्याकडे जाई. घरात कुणी नसलं तर तो बकरीला सांगे.

बौद्ध झाल्यावरही पंचफुलेनं मरीआईचा शेंदरी दगड ज्वारीच्या कणगीत लपवला होता. सदुसष्ट साली तो जानरावच्या हाती लागला. त्यानं तो विहिरीत टाकला आणि तिला नको नको ते बोलला. दुसऱ्या सकाळपासून तिचं तोंड बंद. कुणाशीच बोलेना. सारं आसेगाव म्हणालं, देवीचा कोप. जानराव कोप मानत नव्हता. मग एकच अर्थ उरला: बाईनं डूख धरला. त्यानंही धरला.

देवमननं भाकर बापापुढे सरकवली. तो नागपूरच्या प्रयोगशाळेत नुकताच लागला होता. "बा, उद्या मायले नागपूरले नेतो."

"कायले? रुसव्याचे डाक्टर असतात काय तिथं? तू तर उंदरं मारतं म्हणे!"

"मारतो. उंदराच्या मेंदूचं रक्त थांबवतो अन् काय होते ते पाहतो. मेंदूतल्या भिंती चरबीच्या असतात, बा. रक्त थांबलं का मिनिटभरात चरबी सुटी व्हायले लागते. जशी मातीची भिंत पाण्यानं सुटते. लय वेळ गेला तर त्या भिंतींची खोलीच पडते, मंग रक्त येऊनही उपेग नाही. मायची बोलायची खोली पडली."

"माही बायको उंदीर आहे काय? लकवा असता तर हातपाय गेले असते!"

"ज्या जागेची नस तुंबते, तेवढंच जाते."

"अन् जात्यावर गाते ते?" जानराव गरजला. "म्या कानानं ऐकलं. शब्द न् शब्द साफ! गाता येते, नवऱ्याशी बोलता येत नाही?"

"गाण्याची खोली अलग आहे, बा. ती शाबूत आहे. तिच्यातून बोलणं परत शिकवता येते काय, ते तिथले डाक्टर पाहतील." देवमननं आवाज खाली आणला. "त्या सकाळी तिनं काय केलं होतं, आठवते?"

जानरावचा घास हातातच राहिला. त्या सकाळी पंचफुला त्याच्याजवळ आली होती. त्याची बाही धरून तोंड नुसतं उघडमीट करत होती. वेडावून दाखवते, असं वाटून त्यानं तिचा हात झटकला होता.

चुलीतलं लाकूड तडतडलं. पंचफुला राखेकडे पाहत होती.

"सांगू मायले, उद्या निघायचं म्हणून?" देवमननं विचारलं.

"तू चूप बस."

जानराव ताटावरून उठला. चुलीपुढे जाऊन तिच्यासमोर उकिडवा बसला.

"पंचफुला," तो म्हणाला, "मी येऊ काय संग?"

तिनं त्याची बाही धरली.