ओठांशी न जुळणारा आवाज

सूर्याच्या वादळात उपग्रह जळाले, तेव्हापासून चंद्रावरच्या माणसांची खुशाली गच्चीवरच्या अँटेनावरूनच कळे. दर रविवारी तिथला तळ टीव्हीवर दिसे. शलाकाचा नवरा कौस्तुभही हसून बोले. पण त्याचे ओठ आणि आवाज जुळत नसत. सिग्नल तुटला की टीव्ही जुन्या कार्यक्रमांवरून चित्र आणि आवाज स्वतःच भरून काढतो, हे तिला ठाऊक होतं. तरी जिवाला घोर लागलाच. शेवटी तिने दिराला गच्चीवर पिटाळलं.

"आलं का, वहिनी?"

"अजून जरा टेकडीवरच्या टॉवरकडे फिरवा, भावोजी!"

"चहा टाकला असेल तरच फिरवतो!"

एकदम चित्र लख्ख झालं, आवाज स्वच्छ झाला. तळावरची माणसं माना खाली घालून उभी होती. वादळात दगावलेल्यांची नावं कुणीतरी वाचत होतं. त्यांत कौस्तुभचंही नाव आलं. उभ्या असलेल्यांत तो कुठेच नव्हता.

"बाबा कुठाय?" मांडीवरच्या ओवीने विचारलं.

"वहिनी, दादा दिसतोय का?" वरून हाक आली.

शलाकाने ओवीचं तोंड टीव्हीकडून आपल्याकडे वळवलं.

"नाही," ती कशीबशी म्हणाली, "अँटेना होता तसाच करा, भावोजी. मघाशी दिसत होते."