खिंडीआधीची तालीम

हिमालयातल्या बर्फाळ खिंडी ओलांडायच्या म्हणून समीक्षाचे पाय जमिनीवर नव्हते. तिचा बाप जगदेव मात्र एकच पालुपद धरून बसला होता, "पोरी तंबूत राह्यतीन कशा?"

राहूनच दाखवू म्हणत तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, निकितानं, घरच्या मक्याच्या बांधावरच तंबू ठोकला. आठवडाभर दोघी रोज रात्री तिथं बेसूर गाणी म्हणत पोट दुखेस्तोवर खिदळल्या.

आज सकाळी वावराला चक्कर मारून आलेला जगदेव एकदम खुशीत म्हणाला, "जाय वं माय, खुशाल जाय!"

समीक्षानं निकिताला मिठीच मारली.



"फकत जायच्या आंधी तुमचं गानं मोबाईलमधी भरून दे. वावरात भोंग्यावर लावतो. तुमी आल्यापासून एकबी रानडुक्कर मक्यात शिरून नाही राह्यलं!"