गुडघाभर पाणी

"ही फळी आहे की जेवणाचं टेबल?" चिनश्वेनं निळ्या फळीला पायाच्या अंगठ्यानं ढोसलं. "सूनबाई, मला समुद्रात जायचंय. तिथं पंगत बसवायची नाहीये."

धक्क्यावर बसलेले चौघे म्हातारे खो खो हसले. यूशिन हसली नाही.

"नवशिक्यानं आपल्या किलोंच्या आकड्यापेक्षा चाळीस लिटर जास्तीची फळी घ्यायची असते, मामंजी. तुमचं वजन बासष्ट किलो. म्हणजे हीच. आणि फळीखालचा दांडा आखूड."

"नवशिका! ऐकलंत?" चिनश्वे धक्क्याकडे वळला. "चाळीस वर्षं तराफ्यावर उभा राहिलो, आणि नानतोऊच्या डोंगरातून आलेली पोर मला पाणी शिकवते."

दुपारी देवळात बांधाचे वाटेकरी जमणार होते. ओहोटीला मासे अडकावेत म्हणून पणज्यांनी रचलेला हा दगडी बांध अकरा घरांचा, आणि त्याच्या आतली खाडीही त्यांचीच. यूशिनची विंगफॉइलची, म्हणजे हातात शीड धरून पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या फळीवर उभं राहायला शिकवणारी, शाळा त्या खाडीत राहणार की उद्या गाशा गुंडाळणार, हे आज ठरायचं होतं. चिनश्वे म्हणेल तेच होणार हे सगळ्या पेंघू बेटाला माहीत होतं, आणि तो काय म्हणणार हेही. स्वतः पाण्यात न उतरताच बोलला, असं कुणी म्हणू नये एवढ्यासाठीच तो आज उतरत होता.

त्यानं भिंतीला टेकवलेली लाल फळी उचलली. ती यूशिनची स्वतःची होती. अरुंद, हलकी, आणि खालचा दांडा कमरेपर्यंत येणारा. दांड्याच्या टोकाला पाण्यात चालणारे दोन धारदार पंख.

"ती नाही," यूशिननं फळीचा पट्टा धरला.

"देऊन टाक," तिचा नवरा चिआमिंग तिच्या कानाशी पुटपुटला. "चारचौघांत बाबांची शोभा करू नकोस."

"शोभा पाण्यात होणारच आहे."

"होऊ दे ना. पण तू केलीस असं दिसायला नको."

तिनं पट्टा सोडला. हेल्मेट तेवढं सासऱ्याच्या डोक्यावर जवळजवळ आदळलंच.

पहिला अर्धा तास म्हाताऱ्यांची चंगळ झाली. चिनश्वे गुडघ्यांवर यायचा, फळी त्याच्याखाली बुडायची, हातातलं फुगवलेलं शीड वाऱ्यानं उलटायचं आणि तो तोंडावर आपटायचा. "अरे चिनश्वे, मासे धरतोयस की मासे तुला?" कुणीतरी ओरडलं. तो पुन्हा चढत होता. यूशिन कमरेइतक्या पाण्यात उभी राहून बघत होती, आणि तिला ते दृश्य फार आवडत होतं. खोटं कशाला बोला?

मग ईशान्येकडून एक जोराचा झोत आला. चिनश्वे उभा राहिला. फळी पाणी सोडून वीतभर वर उचलली गेली आणि खालचा खळखळाट एकदम थांबला. पाय चांगले आहेत थेरड्याचे, हे यूशिनलाही मनातल्या मनात कबूल करावं लागलं. तो वळला आणि थेट बांधाच्या दिशेनं निघाला.

पाणी उतरत होतं. बांधाच्या माथ्यावर आता गुडघाभरच उरलं होतं. तराफ्याला तेवढं पुष्कळ. या वेळेला इथून तो हजार वेळा गेला होता, डोळे मिटूनही गेला असता. पण आज त्याच्या पायाखाली तराफा नव्हता.

यूशिनला सगळं दिसत होतं. "उडी मारा!" एवढं ओरडायचं होतं. समुद्रात निघालेल्या माणसाला बायकांनी मागून हाक मारायची नाही, असं सासूनं लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. होडीत शीळ घालायची नाही, ताटातला मासा पालथा करायचा नाही, जाळं ओलांडायचं नाही, असे आणखीही बरेच नियम होते. यूशिननं त्यातला एकही आजवर पाळला नव्हता.

हा पाळला.

दांडा दगडावर आदळल्याचा आवाज धक्क्यापर्यंत गेला. चिनश्वे पुढं फेकला गेला. तो वर आला तेव्हा हनुवटी फुटली होती आणि एक पाय टेकवत नव्हता. चिआमिंग किनाऱ्यावरून "बाबा, बाबा" करत धावत सुटला. यूशिन जवळ होती, ती आधी पोचली.

चिनश्वे रक्त थुंकला. "तुला दिसलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही वळलात तेव्हापासून."

"मग?"

"मागून हाक मारत नाहीत ना इथं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल. तिनं नजर काढली नाही.

"चिनश्वे!" धक्क्यावरून हाक आली. "आपलाच बांध दिसला नाही होय रे तुला?"

म्हाताऱ्याचा जबडा हलला. आपल्याला दिसलं नाही ते डोंगरातल्या पोरीला दिसलं, हे या चौघांसमोर सांगण्यापेक्षा त्यानं जीभ तोडून दिली असती.

"दिसला की!" तो ओरडला. "शिकतोय मी! शिकताना पडतात माणसं! मग शाळा कशाला असते?"

धक्क्यावर एकानं मान हलवली, मग दुसऱ्यानं. दुपारची बैठक इथंच संपली, हे यूशिनला कळलं. खाडी तिला मिळाली होती. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

तिनं मागून त्याच्या काखेत हात घातला. त्यानं तो झटकून टाकला.

"पुढं हो," तो म्हणाला. "आजपासून माझ्या मागं उभं राहायचं नाही."

ती पुढं झाली. आता तो तिच्या मागं होता, आणि किनारा अजून लांब होता.