अक्षराखालचं टिंब

“बेवारस म्हणून नोंद करा,” वॉर्डातल्या सिस्टरने चौकशीच्या खिडकीतून कागद आत सरकवला. “त्या उलटलेल्या बसमधली. पहाटे गेली बिचारी. नऊ दिवसांत घरचं एक कुत्रं फिरकलं नाही. कसली माणसं असतात!”

कारकुनाने कागदावरचं नाव दोनदा वाचलं. हे नाव तो रोज टाइप करत होता. रोज दहाच्या ठोक्याला एक काका येत, मुलीच्या नावाची चिठ्ठी पुढे करत आणि बजावत, “टिंब विसरू नका हं. तिसऱ्या अक्षराखाली आहे.” संगणक म्हणे, अशी कुणी दाखल नाही. यादीत नाव नसलं की आत जायचा पास नाही. मग काका गावातली बाकीची हॉस्पिटलं पालथी घालायला निघत.

“हिचं नाव कुणी सांगितलं तुम्हाला?” त्याने विचारलं.

“तिनेच. आणली तेव्हा शुद्धीवर होती. मी मोबाइलवर नाव घालत होते, तर म्हणते, खाली टिंब द्या. तेवढंच बोलली. पुढे मधूनच डोळे उघडायची आणि दाराकडे बघत राहायची.”

कारकुनाने नाव टाइप केलं. टिंबासकट. नोंद नाही. मग खाटेच्या नंबरावरून त्याने सिस्टरची नोंद उघडली. तेच नाव, तेच टिंब. दोन्ही नावं एकाखाली एक ठेवून पाहिली. केसाचाही फरक नव्हता. शेवटी त्याने कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

“अहो, दिसायला सारखंच दिसणार,” तो जांभई देत म्हणाला. “तुमच्या कीबोर्डवर टिंबवालं अक्षर अख्खं एकच आहे. सिस्टरच्या मोबाइलने आधी अक्षर साठवलं, मग टिंब वेगळं. आपल्याला एक दिसतं, मशीनच्या लेखी ती दोन वेगळी नावं. जुनीच कटकट आहे. मी तर सगळ्यांना सांगतो, सरळ टिंब सोडून द्या.”

कारकुनाने फोन ठेवला. चिडायचं तरी कुणावर? सिस्टरचं चुकलं नव्हतं. त्याचंही नाही. डोळ्यांत तेल घालून ते टिंब त्याने रोज दिलं होतं. तरी त्याला स्वतःच्या बोटांची शिसारी आली.

“रोज यायचे तिचे वडील,” तो म्हणाला. “इथेच उभे राहायचे.”

सिस्टरने वर पाहिलं. वॉर्ड दोनच मजले वर होता. ती खिडकीबाहेरच्या बाकावर बसली.

दहा वाजले. काका आले. आज चिठ्ठीवर त्यांनी पेन इतकं दाबलं होतं की टिंबाच्या जागी कागदाला भोक पडलं होतं.

“आज एकदा परत बघा, साहेब. टिंब चांगलं ठळक केलंय.”

कारकुनाच्या बोटांनी सवयीचं काम केलं. सिस्टरच्या नोंदीतलं नाव त्याने जसंच्या तसं उचलून शोधायला टाकलं. यादी उघडली. वॉर्ड, खाट, नाव. पडदा काचेतून दिसत होता; ‘मृत’ लिहिलेला शेवटचा रकाना त्याने घाईघाईने तळहाताने झाकला.

काकांनी काचेला नाक लावलं. ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं. तिसऱ्या अक्षराशी थांबले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“आहे! आहे की हो!” त्यांनी बाकावरच्या सिस्टरकडे वळून सांगितलं. “मी म्हणत होतो ना, टिंब नीट दिलं की सापडणारच. पास द्या, साहेब, लवकर. वाट बघत असेल ती.”