टेकडीखालची गल्ली

काउंटरवरचे कप किणकिणले. छताचा दिवा दोनदा हलला आणि थांबला.

"दोन पॉइंट चार!" कॉफीवाले मिम्मोकाका ओरडले.

"छे, दोन पॉइंट नऊ," मेना म्हणाली.

पियाचेन्साहून सहलीला आलेला अख्खा वर्ग टेबलांखाली होता. त्यांच्या रसायनशास्त्राच्या बाई, बोनेल्ली मॅडम, एका मुलीला पोटाशी धरून दाराच्या चौकटीत उभ्या होत्या.

थोड्या वेळाने वेधशाळेचा भूकंपाचा आकडा मोबाइलवर आला. दोन पॉइंट आठ. काकांनी कुरकुरत मेनापुढे कॉफी सरकवली. ज्वालामुखीवर वसलेल्या पोत्सुओलीत धक्का बसला की हे चालतंच. ज्याचा अंदाज जवळचा, त्याला कॉफी फुकट.

"या रे बाहेर," मेनाने वाकून हाक मारली. "टेबलाखाली चिकटवलेल्या च्युइंगमशिवाय पाहण्यासारखं काही नाही."

ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. परगावच्या वर्गांना गाव दाखवायचं काम शाळेनेच तिला दिलं होतं. बंदर झालं होतं, बाजार झाला होता. टेकडीच्या पोटातली रोमन गल्ली तेवढी राहिली होती.

गल्लीच्या दाराशी रखवालदार सिगारेट ओढत होता.

"तीनच्या वर गेला तर बंद करतो," तो म्हणाला. "हा तीनच्या आत आहे. जा खुशाल."

बोनेल्ली मॅडम जागच्या हलल्या नाहीत. "मेना, खरं सांग. यांच्या जागी तुझा धाकटा भाऊ असता तर नेलं असतंस खाली?"

"मॅडम, माझा भाऊ असल्या धक्क्यात दात घासायचासुद्धा थांबत नाही."

मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी मुलांना दोघादोघांच्या रांगेत उभं केलं.

खाली अरुंद रस्ता होता, दगडी फरशीचा. डोक्यावर कमानी, आणि त्यांच्यावर सगळं गाव. मेना पाठ झालेलं बोलत गेली. हे धान्याचं कोठार, हा बेकरीवाला, हे त्याचं जातं. लुदोविका नावाची मुलगी जात्याचं चित्र काढायला खाली बसली आणि लगेच उठली.

"ही फरशी गरम आहे."

"बेकरीवाला अजून पाव भाजतोय!" मागून एकजण ओरडला. पुन्हा हशा.

"इथं अशीच असते," मेना म्हणाली. तिच्या तोंडून ते आपोआप निघालं.

मागच्याच आठवड्यात ती याच दगडावर बसून डबा खात होती. गारठा अंगात शिरला म्हणून अर्ध्यावरच उठली होती. तिने वाकून तळहात टेकवला. मग आणखी पुढे, भिंतीजवळ टेकवला. तिथून तो तिला पटकन उचलावा लागला.

मॅडम तिच्याकडेच पाहत होत्या.

"मॅडम," मेना हळू आवाजात म्हणाली, "मुलांना वर न्या. आले तसेच, रांगेत. धावायचं नाही. आणि आवाज करू देऊ नका."

मॅडमनी लुदोविकाचं मनगट धरलं. "आवाज केला तर काय होईल?"

मेनाला ते माहीत नव्हतं.