बाराव्या पानावर अडलेलं पुस्तक

आता प्रकाशकाची गरज उरली नव्हती. कुणा एका अनोळखी वाचकाने पडद्यावर पुस्तक शेवटपर्यंत वाचलं, की गावोगावची छपाईयंत्रं ते छापायला घेत. मात्र अर्धा तास पान उलटलं नाही, तर पुस्तक कायमचं बाद होई.

सावंतवाडीच्या यंत्रासमोर निवृत्त शिक्षिका कुमुदबाई जीव मुठीत धरून बसल्या होत्या. दूर भंडाऱ्यात कुणीतरी त्यांच्या पुस्तकाचं बारावं पान उघडलं होतं. अठ्ठावीस मिनिटं झाली, तरी तेरावं उघडेना.

"बाई, असं लिहिलंत तरी काय त्या पानावर?" यंत्र चालवणाऱ्या फर्नांडिसने विचारलं.

"पुस्तक मिटा, अंगणात जा आणि मुंग्यांची रांग कुठे जाते ते बघून या."

"अहो, वाचकाला कुणी घराबाहेर पिटाळतं का?"

"चाळीस वर्षं असंच शिकवलं रे," बाई ओशाळून म्हणाल्या.

एकोणतिसाव्या मिनिटाला पडद्यावर निरोप उमटला : 'बाई, रांग शेजारच्या काकूंच्या गुळाच्या डब्यात गेली. मी बोलणी खाऊन आले. आता पुढे?'

आणि तेरावं पान उघडलं!

फर्नांडिस आनंदाने कागद भरायला धावला.

"थांब रे," बाई डोळे पुसत हसल्या. "एकविसाव्या पानावर तिला झाडावर चढायचंय."